आधी पाला मोजा, मग मेसचा कचरा

प्रश्न: आमच्या कॉलेजात दोन वसतिगृहं आणि एक मेस आहे. जेवणारी मुलं-मुली साधारण २२०. गेल्या ऑगस्टमध्ये रासेयोतर्फे (राष्ट्रीय सेवा योजना) मेसच्या मागे दोन खड्डे खणले, पोस्टर स्पर्धा घेतली, मजल्यामजल्यावर हिरवे डबे ठेवले. पंधरा दिवसांत वास सुटला, अळ्या झाल्या. माळीमामा म्हणाले ही मुळं खाणारी हुमणी आहे, बागेत पसरेल. वसतिगृहातून तक्रार गेली आणि प्राचार्यांनी खड्डे बुजवायला लावले. मुलं डब्यात काहीही टाकत होती, हेही खरं. येत्या जूनपासून पुन्हा सुरू करायचं मनात आहे. एक विक्रेता २४ तासांत खत करणारं यंत्र घ्या म्हणून मागे लागलाय. मुलांना यात ओढायचं कसं?
– एक रासेयो कार्यक्रम अधिकारी, सांगली जिल्हा

उत्तर: मॅडम, गेल्या वर्षीचा दोष मुलांच्या माथी मारू नका. ऑगस्टात जमिनीत खणलेला खड्डा म्हणजे छोटी विहीरच. बाजूंनी पाणी झिरपतं, वरून पाऊस, आणि आत पडतो तो मेसचा कचरा, ज्यात मुळातच पाऊण हिस्सा पाणी. ढिगातली हवा संपली की बिनहवेचे जिवाणू कामाला लागतात. सडक्या अंड्याचा तो वास त्यांचाच. पोस्टरं कितीही सुंदर असती तरी हा वास आला असताच.

अळ्यांचं आधी मिटवू, कारण ऊसपट्ट्यात हुमणी म्हटलं की लोक घाबरणारच. हुमणी पांढरी, गुबगुबीत, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, डोकं तपकिरी आणि पुढे सहा पाय. ओल्या खरकट्यात झुंडीने दिसतात त्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या: चपट्या, खरखरीत, करड्या-तपकिरी, पाय नसलेल्या, सरळ सरपटणाऱ्या. एक अळी कागदावर ठेवून माळीमामांना जवळून दाखवा, वाद तिथेच संपेल. या अळ्या खरकटं फस्त करतात आणि झाडाच्या मुळांना हात लावत नाहीत. पण त्यांची झुंड म्हणजे ढीग ओला आहे आणि अन्न उघडं पडलंय, एवढं नक्की समजा. हुमणी कच्च्या शेणखतातून शेतात जाते हेही खरं, त्यामुळे मामांची शंका अगदीच अस्थानी नव्हती.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात डबे आहेत, खड्डे आहेत, स्पर्धा आहे, पण वाळलेल्या पाल्याचा उल्लेख कुठेच नाही. कॉलेजांमधले बहुतेक प्रयोग इथेच बसतात. खत करणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे (नायट्रोजन) २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) लागतो. मेसच्या कचऱ्यात हे प्रमाण पंधरा-वीसच्या आसपास असतं, वाळलेल्या पाल्यात पन्नासच्या आसपास किंवा जास्त. दोन्ही एकत्र आले की गणित जुळतं, शिवाय पाला जादा पाणी शोषतो आणि ढिगात हवेला वाट ठेवतो.

हिशोब करून बघू. आठवडाभर मेसचा कचरा ताणकाट्याने रोज तोला. स्वयंपाकघरातली देठं-सालं वेगळी, ताटातलं उष्टं वेगळं. समजा निथळून ४० किलो निघाला. म्हणजे २० लिटरच्या चार बादल्या. प्रत्येक बादलीमागे चुरलेल्या पाल्याच्या दोन बादल्या, म्हणजे रोज आठ. चुरलेल्या पाल्याची बादली पावणेदोन-दोन किलो भरते, तेव्हा रोजचा पाला १५ किलो. या मिश्रणात ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास येतो आणि कर्ब-नत्राचं प्रमाणही २५ ते ३० मध्ये बसतं. मात्र जून मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत मेसचे ११० दिवस धरले तर दीड-पावणेदोन टन कोरडा पाला हाताशी हवा, आणि त्या दिवसांत कोरडा पाला झाडावरून पडत नाही.

म्हणून जूनमध्ये सुरुवात करू नका. दिवाळीची सुट्टी संपली की नोव्हेंबरात करा. हवा कोरडी असते, चुका झाल्या तरी ढीग सावरतो आणि तुमच्या भागात गळीत हंगाम सुरू झालेला असल्यामुळे उसाचं पाचट, म्हणजे तोडीनंतर उरणारा वाळलेला पाला, मुबलक मिळतं. पाचट तसंच टाकलं तर गुंता होतो आणि पावडं चालत नाही. कडबाकुट्टीतून (चारा कापायच्या यंत्रातून) दोन-तीन इंचाचे तुकडे करून घ्या. त्यात नत्र फारच कमी, तेव्हा १५ ऐवजी १२ किलो पुरे, आणि आठवड्यातून दोनदा बादलीभर शेणकाला शिंपडा. पुढे जानेवारी ते मार्च आवारातली पानगळ येते. ती पुढच्या पावसाळ्यासाठी साठवा. जूनपर्यंत तुमच्या माणसांचा हात बसलेला असेल.

साठवणीसाठी वेल्डमेशची गोल पिंजरेवजा कडी करा, २ मीटर व्यासाची आणि सव्वा मीटर उंच. एका कड्याला साडेसहा मीटर जाळी लागते. पाला भरताना मुलांनी आत उतरून तुडवायचा. कॉलेजच्या मुलांना यासाठी आग्रह करावा लागत नाही. तुडवलेल्या पाल्याची अशी चार कडी पावसाळा काढतात. मेअखेर वरून ताडपत्री घट्ट बांधा आणि तळाशी विटांवर फळ्या टाका, नाहीतर खालचा हातभर थर भिजून काळा पडतो. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं उत्तम. साग, आंबा, फणस यांची पानं जाड, ती चुरल्याशिवाय वापरू नका. निलगिरीची आणि सुरूच्या झाडाची पानं फार सावकाश कुजतात, त्यांचं प्रमाण कमी ठेवा. आरागिरणीचा भुसा अडीनडीला चालतो, पण मूठभर. त्यात कर्ब इतका जास्त की ढीग थंड पडतो. प्लायवुडचा भुसा अजिबात नको.

पाला जाळणं आजपासून बंद. उघड्यावर कचरा जाळायला २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई केली, आणि त्याच नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संस्थांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. नियम नंतर बदललेत, तेव्हा प्राचार्यांपुढे जाताना सध्या लागू असलेले नियम बघून हाताशी असू द्या. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात कचरा व्यवस्थापनाबद्दल विचारतात, तेही सांगा. काही दारं त्याच किल्लीने उघडतात.

कोणीतरी नाडेप टाकी बांधा असं सुचवेलच. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची ही पद्धत आपल्याकडे नाव कमावून आहे: विटांमध्ये भोकं ठेवून बांधलेली १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकी. पण ती काडीकचरा, शेण आणि मातीचे थर देऊन एका दमात भरायची आणि लिंपून तीन-चार महिने ठेवायची असते. रोज चार बादल्या खरकटं येणाऱ्या मेसला तिचा उपयोग नाही. साठवून उरलेल्या पाल्यासाठी मार्चमध्ये एक टाकी भरा, उत्तम खत मिळेल.

मेससाठी जमिनीवर चार कप्पे करा, प्रत्येक सव्वा मीटर लांब-रुंद-उंच. याहून बराच लहान ढीग स्वतःची उष्णता धरू शकत नाही. बाजू विटांच्या, मध्ये दोन बोटांच्या फटी सोडून. उंदीर-घुशींसाठी फटींवर आतून अर्धा इंची जाळी. पुढची बाजू सरकत्या फळ्यांची ठेवा, म्हणजे पावडं घालता येतं. वर पत्रा, तो चारही बाजूंनी किमान दोन फूट बाहेर आलेला, आणि पावसाच्या तोंडाकडे ताडपत्रीचा पडदा. तळ सिमेंटचा न करता विटांचा कोरडा करा, थोडा उतार देऊन. जागा मेसपासून वीस-पंचवीस पावलांवर हवी. लांब ठेवली तर पहिल्या मोठ्या पावसात बादल्या मेसच्या मागेच ओतल्या जातील. वसतिगृहाच्या खिडक्यांखालीही नको.

रिकाम्या कप्प्यात आधी वीतभर काड्या-फांद्या किंवा नारळाच्या सोडणांचा थर, म्हणजे खालून हवा मिळते. त्यावर वीतभर पाला. पहिल्या वेळी बादलीभर ताजं शेण पाण्यात कालवून शिंपडा. पुढे आधीच्या कप्प्यातलं अर्धवट कुजलेलं खत विरजणासारखं वापरा. बाजारातली कल्चरची (तयार जिवाणूंची) बाटली घेतली नाही तरी काही अडत नाही. रोज मध्यभागी खळगा करून कचरा आणि पाला त्यात कालवायचा. कोबीचे दांडे, कलिंगडाच्या साली पावड्यानेच ठेचायच्या. शेवटी वर चार बोटं पाल्याचं पांघरूण, अन्नाचा एक कणही दिसता कामा नये. एका माणसाचं हे अर्ध्या तासाचं काम. साधारण पंधरा दिवसांत कप्पा भरतो. मग तो आठवड्याला एकदा शेजारच्या रिकाम्या कप्प्यात पलटायचा. बाहेरचं आत, आतलं बाहेर. महिनाभराने ढीग निम्मा होतो आणि तापणं थांबतं, तेव्हा बाहेर सावलीत दीड महिना झाकून मुरवायचं.

ओलावा मुठीत बघायचा. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर माल काढा आणि जोराने दाबा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहून बोटाने टोचताच फुटला, की ओलावा नेमका. पाण्याची धार लागली तर पाला घाला आणि पलटा. गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडा. उष्णता बघायला हातभर दांड्याचा तापमापक घ्या. नसेल तर लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा, बाहेर काढल्यावर धरवली नाही पाहिजे. ५५ ते ६५ अंश सेल्सिअस हवं, आणि ५५च्या वर सलग तीन दिवस राहिलं की रोगजंतू आणि बरीचशी तणाची बीजं मरतात. ७०कडे सरकलं तर लगेच पलटा, कामाचे जिवाणूही मरायला लागतात.

नाकाला झोंबणारा, मुतारीसारखा वास आला तर पाला कमी पडलाय, नत्र अमोनिया होऊन उडतोय. अंड्याचा वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. मुंग्या म्हणजे ढीग कोरडा. चिलटं म्हणजे वरचं पांघरूण पातळ. पलटताना आत राखेसारखी पांढरी भुकटी दिसली की हमखास कोणीतरी बुरशी लागली म्हणून ओरडतं. ती चांगल्या तापलेल्या ढिगाची खूण आहे, मातीचा वास आणणारे जिवाणू तेच.

काय टाकायचं नाही ते थोडक्यात: हाडं-मांस, सांडलेलं तेल, आंब्याच्या कोयी आणि करवंट्या (सडत नाहीत असं नाही, पण वर्ष काढतात), आणि चहाचे कागदी कप, कारण आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या प्लास्टिकसारख्या ताटल्याही नकोत. त्यांना लागणारी उष्णता एवढ्या ढिगात पुरेशी टिकत नाही. पत्रावळी आणि केळीची पानं फाडून खुशाल टाका. डाळ-आमटी चाळणीतून निथळल्याशिवाय ढिगात जाऊ देऊ नका, आणि शिजवलेलं अन्न एकूण कचऱ्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. मीठ आणि तेल साचत जातं.

आता मुलं. मजल्यामजल्यावरचे हिरवे डबे आधी उचला. खोल्यांमध्ये आणि वर्गांमध्ये निघतो तो कागद, वेफरची पाकिटं, बाटल्या. तिथे ओल्या कचऱ्याचा डबा ठेवणं म्हणजे चुकीची वस्तू टाकायला आमंत्रण. तुमचा जवळजवळ सगळा ओला कचरा दोनच ठिकाणी निघतो: भाजी चिरायचा ओटा आणि ताट खरकटून ठेवायची जागा. सगळं लक्ष तिथे द्या. खरकट्याच्या जागी दोन उघडी पिंपं, एकावर चाळणी. झाकण उचलायला लावलंत तर उष्टा हात असलेला मुलगा मिळेल त्यात टाकून निघून जाईल. पाटीवर घोषणा लिहू नका, पिंपात टाकायच्या नाहीत त्या खऱ्या वस्तू चिकटवा. सॉसची पुडी, रबर बँड, टिश्यू, दह्याचा कप, आणि दुधाच्या पिशवीचा कापलेला तो इवलासा कोपरा. हा कोपरा कोणाच्या ध्यानात येत नाही आणि खत चाळताना शेकड्यांनी सापडतो. मेसमध्ये पिशवी कापताना कोपरा लोंबता ठेवायची सवय लावली की तेवढं काम वाचतं.

पहिले पंधरा दिवस रात्रीच्या जेवणाला दोन स्वयंसेवक तिथे उभे हवेत, आठ ते साडेनऊ. ओरडायचं नाही, फक्त हात दाखवायचा. रासेयोच्या वर्षाच्या १२० तासांत हे तास धरा. सोळाव्या दिवशी माणूस काढा आणि पिंपात काय येतं ते बघा. बिघडलं तर आणखी आठवडाभर उभे करा.

आणि मेसच्या दारात फळा. रोज एकच आकडा: काल रात्री ताटात उरलेलं ११ किलो, म्हणजे माणशी ५० ग्रॅम. बक्षीस नको, नावं नकोत, दंड तर मुळीच नको. दंड लावला की उष्टं खिडकीतून जातं. आकडा खाली यायला लागला की मुलं आपसात बोलतात. कधी दोष वाढणाऱ्याचाही निघतो: भाताचा डाव लहान केला आणि अर्धी पोळी मागायची सोय ठेवली तर न बोलता फरक पडतो. ज्या दिवशी आकडा वर गेला त्या दिवशी भाजी काय होती तेही फळ्यावर लिहा. ठेकेदाराला ते झोंबेल, झोंबू द्या.

उत्साही मुलांना ढिगाशी जोडायचं असेल तर काम त्यांच्या विषयाचं द्या. सूक्ष्मजीवशास्त्राने रोजचं तापमान आणि सामू (पीएच) टिपावा, रसायनशास्त्राने १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये नमुना सुकवून ओलावा काढावा, वनस्पतिशास्त्राने उगवण चाचणी करावी. फील्ड प्रोजेक्टला विषय शोधत मुलं फिरतच असतात. मात्र रोजची बादली मुलांवर सोपवू नका. परीक्षा आली, गणपती आले, की मुलं नाहीशी होतात; त्यांचं चुकत नाही. बादली पगारी माणसाच्या हातात हवी आणि त्या अर्ध्या तासाचे वेगळे पैसे मिळायला हवेत. मेसच्या मावशींना आणखी एक काम गोड बोलून चिकटवलं तर त्या करतील आठवडाभर. रबरी हातमोजे, गमबूट, दोन चाकांची ढकलगाडी आणि हात धुवायला जवळ नळ, एवढं पहिल्या दिवशी असू द्या. मेसचा ठेका नव्याने होईल तेव्हा कचरा वेगळा करून देण्याची अट करारात घाला.

यंत्राबद्दल: ते कचरा तापवून, घुसळून सुकवतं. २४ तासांनी बाहेर येतं ते वाळवलेलं अन्न. ओलं केलंत की दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशी येते आणि वास सुटतो, आणि थेट कुंडीत घातलं तर झाडं पिवळी पडतात. शेवटी ते पाल्यात घालून महिना-दीड महिना मुरवावंच लागतं, वर विजेचं बिल. ज्या आवारात चार कप्प्यांनाही जागा नाही तिथे त्याचा विचार समजू शकतो. तुमच्याकडे जागा आहे.

रोजच्या ५५ किलो मालातून साधारण १५ किलो खत हाती येतं, म्हणजे महिन्याला चारएकशे किलो. तयार झालं का ते बघायला मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर झालं. आंबट किंवा कुबट आला तर अजून मुरू द्या. सोबत एका कुंडीत खत-माती आणि दुसरीत नुसती माती घेऊन पंचवीस-पंचवीस मेथीदाणे पेरा. खताच्या कुंडीत उगवण कमी दिसली तर तो घाणा रोपांना वापरू नका. कुंडीच्या मिश्रणात खत चौथ्या हिश्श्याच्या वर नको, मोठ्या झाडाला आळ्यात पाच किलो.

दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत नवा कचरा येणार नाही. जाण्यापूर्वी सगळे कप्पे पलटून, मुठीची चाचणी करून, वर वीतभर पाला घाला. मेमध्ये आठवड्यातून एकदा पाणी शिंपडायला मामांना सांगा.

यंदाचं पहिलं काम मात्र कॉलेजच्या बाहेर आहे. दसऱ्याच्या सुमारास जवळच्या दोन-तीन ऊसवाल्यांशी आणि एखाद्या कडबाकुट्टीवाल्याशी बोलून ठेवा. तोड झाली की पुष्कळ जण चार दिवसांत फड पेटवून मोकळे होतात, आणि मग पाचट मागायला कोणाकडे जाणार?